सेंडमेल काढायचा, पण त्याच्या जागी काय बसवायचं?

पत्र:

ताई, नमस्कार. रबाळे एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरचं सगळं बघतो, प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून टॅलीच्या बॅकअपपर्यंत. ४५ जणांचे मेल ऑफिसातल्याच एका जुन्या मशीनवर येतात. त्यावर सेंटओएस ५ (लिनक्सचा एक प्रकार) आणि मेलची ने-आण करणारा सेंडमेल हा प्रोग्रॅम आहे. ते बसवणारे काका आता निवृत्त झाले. हल्ली बँकेला आणि काही गिऱ्हाइकांना आमचे मेल पोचत नाहीत किंवा स्पॅममध्ये जातात. मालक म्हणतात, मेलबॉक्समागे दर महिन्याला भाडं भरणार नाही, सर्व्हर आपलाच हवा. काका म्हणतात, सेंडमेलच ठेव. वाशीला होस्टिंग कंपनीत असलेला मित्र म्हणतो, एक्झिम घे. कॉलेजातले सर म्हणतात, क्यूमेल, कारण तो कधी फोडला गेला नाही. नेटवर सगळे पोस्टफिक्स म्हणतात. मला लिनक्स बऱ्यापैकी येतं, पण मेलला कधी हात लावलेला नाही. काय बसवू? आणि पावसाळ्यात वीज गेली तर मेल हरवणार नाहीत ना?
– एक वाचक, रबाळे

उत्तर:

नमस्कार,

पोस्टफिक्स बसवा, आणि मेलबॉक्ससाठी त्याच्या जोडीला डव्हकॉट. उत्तर आधीच सांगून टाकते, कारण चार जणांनी चार नावं सांगितली की माणूस भांबावतो. पण त्यामागचं कारणही समजून घ्या, नाहीतर काका पुन्हा भेटले की तुमचं मन डळमळेल.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला ही वाटली, की तुम्ही एकटे आहात. मेल सर्व्हरची तुलना करताना लोक वेगावर वाद घालतात. ४५ जणांच्या ऑफिसात वेगाचा प्रश्नच येत नाही, या चारपैकी कुठलाही प्रोग्रॅम तेवढं काम सहज करेल. तुमची खरी परीक्षा वेगळी आहे. सोमवारी सकाळी अकाउंट्समधून फोन येईल, ‘बँकेला पाठवलेला मेल गेलाच नाही’. तेव्हा नक्की काय झालं ते तुम्हाला पाच मिनिटांत शोधून सांगता आलं पाहिजे. आणि उद्या तुम्ही नोकरी बदललीत, तर पुढच्या माणसाला तुमची मांडणी वाचता आली पाहिजे. काका गेल्यावर तुमची जी पंचाईत झाली, ती त्याची होऊ नये. मी या दोनच कसोट्या लावते.

काकांच्या सेंडमेलबद्दल अनादर नको. एरिक ऑलमन यांनी बर्कलीत तो लिहिला १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा अर्पानेट, यूयूसीपी, बर्कनेट अशी वेगवेगळी जाळी होती आणि पत्ता लिहिण्याची प्रत्येकाची रीत निराळी. एका जाळ्यातला पत्ता दुसऱ्याला समजेल असा करून देणं, हेच सेंडमेलचं मोठं काम होतं. आज सगळं जग एकाच पद्धतीने पत्ता लिहितं, तरी ती सगळी यंत्रणा सेंडमेल डॉट सीएफमध्ये बसलेली आहे. ती फाइल एकदा उघडून बघाच. ‘आर’ अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी, डॉलरच्या खुणा, आणि नियमाच्या दोन बाजू वेगळ्या करायला टॅबच हवा, स्पेस चालत नाही. हे सुसह्य व्हावं म्हणून पुढे एम४ मॅक्रो आले, म्हणजे शिकायची आणखी एक गोष्ट वाढली. काकांच्या हाताला ते सगळं वळण आहे. तुम्ही आता शून्यातून ते कमवायला बसू नका. सेंडमेलची देखभाल अजून चालू आहे, आणि मिल्टर, म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅम जोडायचं दार, ही त्याची देणगी तर तुम्हीही वापराल. स्पॅम गाळणारे प्रोग्रॅम पोस्टफिक्सला त्याच दाराने जोडतात.

पण सेंडमेलपेक्षा मला तुमच्या सेंटओएस ५ ची जास्त काळजी वाटते. त्याचा आधार ३१ मार्च २०१७ ला संपला. तेव्हापासून त्याला सुरक्षेची एकही दुरुस्ती मिळालेली नाही, आणि त्यातल्या ओपनएसएसएल ०.९.८ ला टीएलएस १.२ (जोडणी सांकेतिक करायची रीत) येतच नाही. हे मशीन थेट इंटरनेटला जोडलेलं आहे. समजा तुम्ही सेंडमेलच ठेवायचं ठरवलंत, तरी मशीन बदलावंच लागेल. मालकांना हे आधी सांगा.

तुमच्या सरांनी क्यूमेलचं नाव काढलं, ते उगाच नाही. डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९७ मध्ये त्यात सुरक्षेची चूक दाखवणाऱ्याला ५०० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. प्रत्येक मेल वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची मेलडिर ही रीत त्यांचीच, आणि तुम्हीही डव्हकॉटमध्ये तीच ठेवा. पण ‘कधी फोडला गेला नाही’ हे आता खरं राहिलेलं नाही. ६४ बिटच्या मशीनवरच्या त्रुटी २००५ मध्ये दाखवल्या गेल्या होत्या, आणि त्यांचा वापर करून क्यूमेल खरंच फोडता येतो हे २०२० मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी सिद्ध केलं. मला खटकते ती दुसरीच बाब. बर्नस्टाइन यांनी शेवटची आवृत्ती, १.०३, काढली १९९८ मध्ये. टीएलएस, पासवर्डची तपासणी, हे सगळं इतरांनी लिहिलेले पॅच (मूळ प्रोग्रॅमला जोडायचे तुकडे) लावूनच मिळतं. मूळ क्यूमेल तर अस्तित्वातच नसलेल्या पत्त्याचा मेलही आधी घेतो आणि मग ‘असा माणूस नाही’ म्हणून परत पाठवतो. स्पॅमवाल्याने पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा टाकलेला असला, की ती परतीची टपाल तिसऱ्याच निरपराध माणसाच्या माथी पडते आणि तुमचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक, काळ्या यादीत जातो. नॉटक्यूमेल नावाने काही मंडळी तो पुढे नेत आहेत. त्यांचं काम चांगलं आहे, पण पहिलाच मेल सर्व्हर उभा करणाऱ्याने पॅचच्या वाटेला जाऊ नये.

एक्झिमबद्दल मात्र थोडं थांबते, कारण तुमचा मित्र त्याच्या जागी बरोबर आहे. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये तो लिहायला घेतला. डेबियन या लिनक्स वितरणाचा ठरलेला मेल प्रोग्रॅम तोच आहे, आणि होस्टिंगवाल्यांचं सीपॅनेल एक्झिमवरच चालतं. होस्टिंगच्या धंद्यात शेकडो गिऱ्हाइकं, प्रत्येकाचे नियम वेगळे. तिथे एक्झिमसारखा लवचीक प्रोग्रॅम दुसरा नाही. कुठलाही पत्ता देऊन ‘याचा मेल आला तर तू काय करशील?’ असं त्याला मेल न पाठवता विचारता येतं. त्याचा लॉगही (कामाची नोंदवही) मला फार आवडतो. आत आलेल्या मेलला एका दिशेचा बाण, पोचलेल्याला दुसऱ्या दिशेचा, अडलेल्याला बरोबरची दुहेरी खूण, आणि परत गेलेल्याला दोन फुल्या. नुसती नजर फिरवली तरी कळतं.

मग तुम्हाला एक्झिम का नको? त्याची कॉन्फिग म्हणजे जवळजवळ एक प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. ती भाषा न शिकता कुठूनतरी तुकडे उचलून चिकटवले, तर चालतं खरं, पण का चालतं ते कळत नाही. आणि त्याची बांधणी एकसंध आहे: बाहेरच्यांशी बोलणारा, रांग सांभाळणारा, मेल पोचवणारा, सगळा एकच मोठा प्रोग्रॅम, आणि त्याच्याकडे रूटचे, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च, अधिकार. २०१९ मध्ये त्यात एक गंभीर भोक सापडलं, ज्यातून लांबूनही रूट म्हणून आज्ञा चालवता येत होती. २०२१ च्या मे महिन्यात तर क्वालिसने एकदम २१ त्रुटी जाहीर केल्या. अशा दिवशी मित्राच्या कंपनीत रातोरात अपडेट टाकायला माणसं असतात. तुम्ही ठाणे-वाशी लोकलमध्ये उभे असाल.

पोस्टफिक्स लिहिला वीत्से व्हेनेमा यांनी, आयबीएमच्या संशोधन केंद्रात. तो डिसेंबर १९९८ मध्ये बाहेर आला. त्यांनी कामाचे तुकडेच केले. सहकारी बँकेत खिडकीवर पैसे घेणाऱ्याकडे तिजोरीची किल्ली नसते, तशी ही रचना. बाहेरचा मेल घेतो तो एसएमटीपीडी, हेडर नीट करतो तो क्लीनअप, रांग बघतो तो क्यूएमजीआर, बाहेर पोचवतो तो एसएमटीपी. जगाशी बोलणाऱ्या भागांना रूटचे अधिकार नसतात, त्यामुळे तिथे कोणी घुसला तरी त्याच्या हाती फारसं लागत नाही. तो अभेद्य आहे असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये एका मेलच्या पोटात दुसरा खोटा मेल लपवून पाठवण्याची युक्ती उघड झाली, आणि तिने पोस्टफिक्सलाही गाठलं. ३.९ आवृत्तीपासून त्याचा बंदोबस्त आपोआप चालू असतो. तेव्हा लिनक्सचं वितरण नवीन घ्या, डेबियन १३ घेतलंत तर उत्तम.

आता माझ्या पहिल्या कसोटीकडे येते, सोमवार सकाळच्या फोनकडे. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये प्रत्येक मेल बाहेर पोचवताना एक ओळ पडते. तिच्यात कोणाला, कुठल्या सर्व्हरमार्फत, किती वेळ लागला आणि शेवटी काय झालं, एवढं असतं. समजा ओळीत लिहिलंय: डिले=३१, डिलेज=०.०५/०.०१/३०/०.९, स्टेटस=सेंट. ते चार आकडे म्हणजे मेलने कुठे किती सेकंद घालवले त्याचा हिशेब. पहिला आकडा मेल तुमच्या सर्व्हरवर आल्यापासून शेवटच्या प्रयत्नासाठी रांगेत पुढे येईपर्यंतचा, दुसरा रांग सांभाळणाऱ्याकडचा, तिसरा समोरच्याशी जोडणी व्हायला लागलेला, त्यात डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) आणि टीएलएसही आलं. चौथा प्रत्यक्ष मेल पाठवायचा. इथे ३० सेकंद जोडणीत गेले. म्हणजे तुमचा सर्व्हर ठीक आहे. डीएनएस रेंगाळतंय किंवा समोरचा उशिरा दार उघडतोय. चौथा आकडा फुगला असेल तर अटॅचमेंट जड आहे नाहीतर लाइन बारीक. पहिला फुगला तर मेल आधी अडून पुन्हा प्रयत्नाला गेलेला असेल, तसं नसेल तर तुमच्याच ऑफिसातल्या पीसीकडे बघा. हे चार आकडे वाचायला शिकलात की ‘मेल उशिरा का गेला’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर खुर्चीतून न उठता देता येईल.

त्याच ओळीत डीएसएन म्हणून एक आकडा असतो. तो २ ने सुरू झाला तर मेल पोचला. ४ ने सुरू झाला तर समोरचा ‘नंतर ये’ म्हणतोय आणि पोस्टफिक्स स्वतःच पुन्हा प्रयत्न करेल, तुम्ही काही करू नका. ५ ने सुरू झाला तर कायमचा नकार. अशा वेळी पुढच्या कंसात समोरच्या सर्व्हरने लिहिलेलं वाक्य नीट वाचा. बँकेचा सर्व्हर नाकारतोय तर का, ते बहुतेक वेळा तिथे सरळ लिहिलेलं असतं.

दुसरी कसोटी पुढच्या माणसाची. पोस्टकॉन्फ या आज्ञेला ‘एन’ लावून चालवा, म्हणजे मेन डॉट सीएफ या कॉन्फिगच्या फाइलमध्ये मांडलेल्याच सेटिंग्ज दिसतात, आणि बाकी शेकडो मूळच्या तशाच राहतात. तुमच्या कारखान्याला तेवढ्यात एक पान पुरेल. ते पान छापा, प्रत्येक ओळीपुढे मराठीत का केलं ते लिहा, आणि सर्व्हरच्या फाइलमध्ये लावून ठेवा.

इथे तुम्हाला एक कटू गोष्ट सांगायला हवी. बँकेकडे मेल न पोचण्याचं मूळ बहुतेक सेंडमेलमध्ये नाही. नुसता प्रोग्रॅम बदललात तर मेल तितकेच स्पॅममध्ये जातील. समोरचा सर्व्हर आधी बघतो तो आयपी. त्या आयपीचं उलटं नाव, म्हणजे पीटीआर, तुमच्या सर्व्हरच्या नावाशी जुळतं का? तो पत्ता घरगुती ब्रॉडबँडच्या यादीतला तर नाही? मग डोमेनचं एसपीएफ (आपल्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचे ती यादी), मग डीकेआयएमची सही (मेलवरची डिजिटल सही), मग डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ती सूचना). जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून छोट्या पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम, नीट पीटीआर आणि टीएलएस सक्तीचं केलं आहे. तुम्ही एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही करा. सही करायला आणि स्पॅम गाळायला आरस्पॅमडी हा एकच प्रोग्रॅम पुरेल.

पीटीआर तुम्हाला स्वतःला लावता येत नाही, आयपी ज्याचा तोच लावतो. म्हणून माझं मत असं, की सर्व्हर ऑफिसातल्या टेबलाखाली न ठेवता डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर ठेवा. ऐरोली आणि महापे तुमच्या शेजारीच आहेत, आणि डेटा सेंटरचं नवी मुंबईइतकं दाट जाळं देशात फार थोड्या ठिकाणी आहे. भाडं मशीनचं असेल, मेलबॉक्समागे नाही, त्यामुळे मालकांचा शब्दही राहतो. पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा: बाहेर जाणारं पोर्ट २५ (सर्व्हरकडून सर्व्हरकडे मेल जायचं दार) उघडं आहे का, आणि पीटीआर लावून मिळेल का. उत्तर नाही आलं, तर पाठवायचे मेल पैसे घेऊन पुढे पोचवणाऱ्या एखाद्या रिले सेवेमार्फत सोडा. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी रिलेहोस्टची एक ओळ आणि लॉगिनच्या दोन-तीन ओळी लागतात. मेलबॉक्स तुमचेच राहतात.

विजेचं म्हणाल तर निश्चिंत राहा. तुमचा सर्व्हर बंद असेल तर पाठवणारा सर्व्हर मेल स्वतःकडे धरून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मेलच्या मूळ नियमांनुसार त्याने निदान चार-पाच दिवस तरी हार मानायची नसते. पोस्टफिक्सची स्वतःची मुदत ५ दिवसांची आहे. शिवाय पोस्टफिक्स मेल डिस्कवर लिहून झाल्याशिवाय समोरच्याला ‘मिळाला’ असं म्हणतच नाही, त्यामुळे ऐन वेळी वीज गेली तरी मेल एका बाजूला शिल्लक असतोच. यासाठी दुसरा, राखीव एमएक्स (डोमेनचे मेल घेणारा सर्व्हर) उभा करायला कोणी सांगेल. करू नका. त्याच्यावर लक्ष कमी असतं हे स्पॅमवाल्यांना ठाऊक असतं, आणि ते नेमके तिथूनच शिरतात.

बसवताना कुठे पाय घसरतो तेही सांगते. पोस्टफिक्समध्ये मायनेटवर्क्स नावाची सेटिंग आहे. त्यात दिलेल्या पत्त्यांवरून कोणीही पासवर्डशिवाय जगभर मेल पाठवू शकतो. आळस म्हणून त्यात अख्खं ऑफिस घालतात. मग स्टोअर्समधला एक पीसी व्हायरसने धरला की रात्रभरात हजारो स्पॅम तुमच्या नावावर निघतात, आणि नव्या आयपीची अब्रू पहिल्याच महिन्यात जाते. सगळ्यांना ४६५ किंवा ५८७ पोर्टवर पासवर्डनेच पाठवू द्या. जुना स्कॅनर, जो पासवर्ड आणि टीएलएस दोन्ही ओळखत नाही, त्याच्यासाठी ऑफिसात एक छोटा पोस्टफिक्स ठेवा. तो फक्त त्या स्कॅनरचाच पत्ता ऐकेल आणि मेल पासवर्डने मुख्य सर्व्हरकडे देईल.

तुमच्याकडे व्हॉल्व्हची ड्रॉइंग्ज जात-येत असणार. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे, आणि मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे साडेसात एमबीच्या पुढचं ड्रॉइंग परत येईल. मेसेज साइझ लिमिट पहिल्याच दिवशी वाढवा. जीमेल २५ एमबीपर्यंतची फाइल पाठवू देतो, तेवढी फुगून आली तरी मावेल असं बघा.

लॉगचंही तसंच. डेबियनमध्ये आरसिसलॉग (लॉग फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम, डेबियन १३ मध्ये तो वेगळा बसवावा लागतो) वापरलात, तर मेलचा लॉग चार आठवड्यांनी पुसला जातो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. जुने लॉग पुसणाऱ्या लॉगरोटेटमध्ये एक आकडा बदलायचं काम आहे, पण ते आठवणीने करा.

बदलाच्या वेळी घाई नको. आधी एखाद्या उपडोमेनवर सगळं बसवा आणि स्वतःचे मेल तिथून पाठवून बघा. डव्हकॉटच्या २.४ आवृत्तीत कॉन्फिगची मांडणी बदलली आहे आणि डेबियन १३ मध्ये तीच येते. त्यामुळे २.३ साठी लिहिलेल्या सूचना जशाच्या तशा उतरवू नका, सर्व्हर सुरूच होणार नाही. मेलकाउ किंवा आयरेडमेलसारखे तयार संचही मिळतात आणि दोन्हींच्या आत पोस्टफिक्स आणि डव्हकॉटच असतात. घ्यायला हरकत नाही, पण आधी एकदा हाताने बसवून बघा.

काकांना एक दिवस कारखान्यावर बोलवा. कुठल्या पत्त्यावरचा मेल कोणाकडे वळतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसणार. अलायसेसची (टोपणपत्त्यांची) फाइल पोस्टफिक्सला तशीच चालते. व्हर्टयूझरटेबल (कुठला पत्ता कोणाकडे वळवायचा ती सेंडमेलची यादी) मात्र थोडी फिरवून लिहावी लागेल, ती त्यांच्याबरोबर बसून एकेक ओळ विचारत लिहा. जुन्या मशीनवरच्या ज्या स्क्रिप्ट सेंडमेल ही आज्ञा वापरून मेल पाठवतात, त्या नव्या मशीनवर नेल्यात तर बदलायला लागणार नाहीत. पोस्टफिक्स त्याच नावाची आज्ञा पुरवतो. जुने मेल आयमॅपसिंक या मेलबॉक्स उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमने आणा. एमएक्सच्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची ती मुदत, दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा, मगच एमएक्स बदला. जुनं मशीन पुढे आठवडाभर चालू ठेवा, कारण काही सर्व्हर जुना पत्ता धरून बसतात.

सगळं झालं की स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा आणि तिथे मूळ संदेश दाखवण्याचा पर्याय उघडा. वरच एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांच्यापुढे ‘पास’ लिहिलेलं दिसेल. तीनपैकी एका जरी ठिकाणी ते नसेल, तर कारखान्याचं नाव झाकून ते हेडर मला पाठवा, आपण ओळीओळीने बघू.